धारवाल्यांची बैठक

देवासच्या कॉलनीत धारवाल्यांबद्दल दोन मतं होती. एक, ते कवड्या टाकून भविष्य सांगतात. दुसरं, ते रविवारी घरात जुगार खेळवतात. या दोन्ही मतांशी मी तेव्हापासून भांडत आले आहे. त्या कॉलनीतली निम्मी माणसं आता पुण्याला नाहीतर देवाघरी गेली, तरी माझं भांडण काही मिटलेलं नाही.

ते मूळचे धारचे. घराण्यात दोन-तीन पिढ्या संस्थानची नोकरी झालेली, म्हणून सगळे त्यांना धारवालेच म्हणत. कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. मी कॉलनीच्या शाळेत शिकवायचे, वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं आणि जीभ तिखट. त्यांना मी काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे, आणि अहोजाहो करायचे. घरातल्या मांजरीलाही ते अहोजाहो करायचे. "आपण पायात येऊ नका," असं तिला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

तर तो खेळ. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट आहे ही. कारखान्यात मशिनं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. गेस्टहाउसात एकटाच राहायचा, आणि धारवाले त्याच्याकडे नकाशे घेऊन जायचे. संध्याकाळी करमेना म्हणून त्यानं त्यांना त्याच्याकडचा एक खेळ शिकवला. जाताना खेळ घेऊन गेला. धारवाल्यांनी तो डोक्यात ठेवला आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा मांडला. ते त्याला बैठक म्हणायचे.

बैठकीत धारवाले स्वतः काढलेला एका गावाचा नकाशा पसरायचे आणि गोष्ट सांगायला लागायचे. एक गाव आहे, मधोमध रस्ता, रस्त्याच्या डावीकडे एका राजाचं राज्य आणि उजवीकडे दुसऱ्याचं. हे त्यांना कुठून सुचलं ते देवासच्या माणसाला सांगायला नको. थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन गाद्या, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्या गोष्टीतल्या गावात आम्ही चौघं कोणीतरी असायचो. मी या राज्यातलं तूप त्या राज्यात जकात चुकवून विकणारी बाई होते. धारवाले गोष्ट ऐन रंगात आणून थांबायचे आणि एकेकाला विचारायचे, "आता आपण काय करता?" आपण जे सांगू ते आपलं पात्र करणार. जमलं की फसलं ते कवड्या ठरवणार. उताण्या जास्त पडल्या तर जमलं, पालथ्या जास्त पडल्या तर फसलं. यात कोणी जिंकायचं नाही. गोष्ट पुढच्या रविवारी पुढे चालायची.

"मग जिंकतं कोण?" असं मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"बाई, आपण रोज रात्री जेवता, त्यात कोण जिंकतं?" धारवाले म्हणाले.

यावर मी वाद घातला. मी सगळ्यावरच वाद घालायचे. कवडी तिरपी पडली तर उताणी धरायची की पालथी, यावर मी एका रविवारी अख्खी दुपार खाल्ली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका. धारवाल्यांनी पुढच्या रविवारी कवड्यांची वाटी माझ्यासमोर ठेवली आणि सांगितलं, "आजपासून न्याय आपण द्यायचा." त्यानंतर मला वाद घालायची सोयच राहिली नाही. स्वतःशी किती भांडणार?

ही त्यांची रीत होती. माणूस जिथून ओढ घेतो तिथेच त्याला काम द्यायचं. गोपाल म्हणून स्टोअरमध्ये एक क्लार्क होता, बदनावरचा. मराठी सगळं कळायचं, बोलायचा मात्र हिंदी आणि माळवी. खेळात तो पहिलवान होता. दुपारी जेवून आला की भिंतीला टेकून झोपायचा. धारवाले त्याला कधी हलवायचे नाहीत. तो जागा झाला की गंभीरपणे सांगायचे, "पहिलवान, आपण झोपला होता तेव्हा आपल्या अंगावरचं सोन्याचं कडं चोरीला गेलं आहे. पुढे काय करता?" पुढचे तीन-चार रविवार गोपाल त्या कड्यामागे वणवण फिरला. परत कधी झोपला नाही.

याच गोपालनं एकदा सांगितलं की मी किल्ल्याची भिंत लाथ मारून पाडतो. मी म्हटलं, हे होऊच शकत नाही. तो म्हणाला, "बाईजी, कौड़ी डालने दो ना, कौड़ी बताएगी." आमची जुंपली. धारवाल्यांनी कवड्या टाकूच दिल्या नाहीत. पुढच्या रविवारी आम्हा सगळ्यांना बसमध्ये घालून धारला नेलं आणि किल्ल्याच्या तांबड्या भिंतीसमोर गोपालला उभं केलं. "मारा," म्हणाले. गोपालनं आमच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि खरोखर मारली. चपलेचा पट्टा तुटला. मग धारवाल्यांच्या चुलतभावाकडे दाल-बाफले खाऊन तो एका पायात दुसऱ्याची चप्पल घालून परत आला. पण त्यानंतर खेळात भिंत आली की तो आधी दार शोधायचा.

उरलेल्या दोघांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून झालं.

कदम मशीन शॉपमध्ये फिटर होता आणि युनियनमध्ये होता. देवासचाच, जुनं मराठा घराणं. बोलणं निम्मं मराठी, निम्मं इकडचं. खेळात तो घोडेस्वार होता आणि त्याला कुठेही थांबणं माहीत नव्हतं. "काका, मी तर पहिले मारतो, बाद में पूछतो," असं म्हणून तो तलवार काढायचा. धारवाल्यांनी त्याला तलवार काढायला कधी मनाई केली नाही. फक्त तो मारील त्या माणसाच्या घरचं कोणीतरी पुढच्या रविवारी गोष्टीत यायचं. म्हातारी आई यायची, धाकटा भाऊ यायचा, आणि धारवाले त्यांच्या आवाजात कदमशी बोलायचे. हळूहळू कदम पहिले पूछायला लागला.

आणि सबनीस. हे पर्सोनेलमधले अधिकारी, नाशिककडून आलेले. इस्त्रीचे कपडे, बोलण्यात सगळं 'कळवतो' आणि 'विचारून सांगतो'. खेळात त्यांनी स्वतःहून वेशीवरचा चौकीदार व्हायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी धारवाल्यांनी विचारलं, "मध्यरात्री वेशीबाहेर कळा सुरू झालेली एक बाई आली आहे. राजाचा हुकूम आहे की उजाडेपर्यंत वेस उघडायची नाही. आपण काय करता?"

सबनीस म्हणाले, "वरिष्ठांना विचारतो."

"वरिष्ठ झोपले आहेत."

"मग उठेपर्यंत थांबतो."

"बाळंतपण थांबणार नाही."

मी म्हणणार होते, अहो उघडा की. धारवाल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. कदम चुळबुळत होता, गोपाल पंखा मोठा करून आला, काकू, म्हणजे धारवाल्यांची बायको, घरून चहाची किटली घेऊन कॉलनीच्या क्लबच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. धारवाले ढिम्म. शेवटी सबनीस म्हणाले, "उघडतो." एवढंच. पण त्या दिवशी चहा पिताना ते पहिल्यांदा आमच्याशी घरच्यासारखं बोलले. नाशिकला वडील किती कडक होते ते सांगितलं. कदम त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सबनीससाब, आपण तर वाघ निघालात." मी सांगते, त्या दोघांची मैत्री त्या वेशीपाशी झाली. कारखान्यात एक फाटकाच्या आतला आणि एक फाटकावर भाषण देणारा, पण रविवारी कदम सबनिसांशेजारचाच पाट धरायचा.

कॉलनीला हे बघवलं नाही. लोकांना कवड्या दिसायच्या आणि पाचजण गोल बसलेले दिसायचे. आधी आम्ही क्लबच्या खोलीत बसायचो. क्लबच्या सेक्रेटरींनी एक दिवस येऊन सांगितलं की इथं फासे, कवड्या, पैशाचा व्यवहार चालणार नाही. धारवाले म्हणाले, पैसा नाही. सेक्रेटरी म्हणाले, मग बक्षीस ठेवा, स्पर्धा करा, म्हणजे रीतसर होईल. धारवाल्यांनी तिथल्या तिथे नकाशा गुंडाळला. "ज्यात कोणी हरतच नाही त्याची स्पर्धा कशी करणार?" एवढं म्हणून आम्हाला घेऊन ते स्वतःच्या क्वार्टरमध्ये आले. तिथं काकूंनी पाच पाट मांडले आणि क्लबच्या नावानं जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही.

भविष्याची भानगड त्यानंतर झाली. शेजारच्या ब्लॉकमधल्या एक बाई मुलीची पत्रिका घेऊन थेट बैठकीतच आल्या. "कवड्या काय म्हणतात बघा, हिचं लग्न या वर्षी जमेल का?" आम्हाला हसू आवरेना. धारवाल्यांनी त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या मुलीला काय करायचं आहे ते तिला विचारा. आम्ही इथं तेवढंच करतो." बाई रागावून गेल्या. ते मात्र थट्टा करत नव्हते. त्यांचा तोच धर्म होता. समोरच्याला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

मग कारखान्यात संप झाला.

संपाचं कारण, कोण बरोबर, कोण चूक, ते मी सांगत बसत नाही. त्यावर माझं मत आहे आणि ते ठाम आहे, पण ही धारवाल्यांची गोष्ट आहे. फाटकाच्या बाहेर कदम लाल झेंडा घेऊन, आणि आतून सबनीस नोटिसा चिकटवणार. पहिल्या रविवारी दोघंही बैठकीला आले. एकमेकांकडे पाहिलं नाही, पण आले. शेजारी बसले नाहीत, पण बसले. तो रविवार मी विसरणार नाही. धारवाल्यांनी संपाचा स दुसऱ्या कोणाला काढू दिला नाही आणि स्वतः काढला नाही. वेशीपाशी पाऊस पडत होता, तूपवाली भिजत होती, एवढंच चाललं.

त्याच आठवड्यात युनियनची दोन माणसं धारवाल्यांकडे आली. "काका, वो कंपनी का आदमी है. उसको घर में क्यों बिठाते हो?" धारवाले म्हणाले, "तुमचा संप कारखान्यात आहे, माझ्या घरी नाही." दोन दिवसांनी मॅनेजरनं बोलावलं. धारवाल्यांची हेड ड्राफ्ट्समनची बढती जवळजवळ ठरली होती, सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजरनं गोड शब्दांत सांगितलं की कंपनीच्या क्वार्टरमध्ये युनियनची माणसं येणं बरं दिसत नाही, आणि अशा वेळी जबाबदारीच्या जागेवर माणूस नेमताना हे बघावं लागतं. धारवाल्यांनी उत्तर दिलं, "जागेवर कोणाला बसवायचं ते आपण ठरवा. पाटावर कोणाला बसवायचं ते मी ठरवीन." बढती दुसऱ्या माणसाला मिळाली. तो नुकताच आला होता आणि चांगला माणूस होता, त्याचा काही दोष नाही.

काकूंना वाईट वाटलं. बढतीबरोबर कोपऱ्यातलं मोठं क्वार्टर मिळणार होतं. "पेरूचं झाड होतं हो तिथं," असं त्या मला म्हणाल्या. नवऱ्याला मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. पाट मांडत राहिल्या.

संप मोडला. काही लोकांना कामावरून काढलं, त्यात कदम होता. हुकमावर सही सबनिसांची. त्यांच्या हातात काही नव्हतं असं ते म्हणाले, आणि ते खरंही असेल, पण कदमला घरी मिळाला तो कागद सबनिसांच्या सहीचा होता. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या खिडकीत कदमचा फोटो लावला, याला आत सोडायचं नाही म्हणून. मी शाळेत जाताना तो फोटो दिसायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कदम एकदाच आला, तेही दारापर्यंत. "काका, मी आता नाही येणार. सतवासला जातोय, मेहुण्याच्या दुकानात. पंप रिपेअर करीन." धारवाले म्हणाले, "बरं." त्याला थांबवलं नाही, समजावलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला.

पण पुढच्या रविवारी त्यांनी खेळ सुरूच केला नाही. पाच पाट मांडलेले, नकाशा पसरलेला. सबनीस खाली मान घालून बसलेले. धारवाल्यांनी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलले आणि उजेड असतानाच नकाशा गुंडाळला. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. मी म्हटलं, "काका, चौघांत खेळू या की."

"चौघांत पत्ते होतात. बैठक होत नाही."

गोपालनं आपल्या परीनं तोड काढली. "काका, कहानी में घुड़सवार को मार डालो ना. मर गया, बात खतम. फिर आगे चलते हैं."

धारवाल्यांचा चढलेला आवाज मी आयुष्यात त्या एका वेळी ऐकला. "जिवंत माणूस रुसून गेला म्हणून त्याला मारायचा? मॅनेजरनं काढला, युनियननं सोडला, आता आपणही मारून टाकू या, म्हणजे सगळ्यांचं सोपं होईल. या घरात ते व्हायचं नाही."

सबनीस उठले आणि घरी गेले. मला वाटलं आता चौथाही गेला. बैठक संपली. मला खोटं बोलता येत नाही, त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. त्या गावात मला भांडायला, हसायला, काही ठरवायला ती एकच जागा होती. बाकी सगळीकडे मी कोणाची तरी न झालेली बायको होते.

आणि मग एका शनिवारी धारवाले प्रत्येकाच्या दारात उभे राहिले. माझ्याकडे, गोपालकडे, आणि सबनिसांकडेही. प्रत्येकाला एकच सांगितलं, "उद्या सकाळची पहिली गाडी. बैठक सतवासला आहे." या म्हणाले नाहीत, येता का विचारलं नाही.

सकाळी स्टँडवर मी, गोपाल आणि धारवाले. त्यांच्या काखेत ड्रॉइंग बोर्ड आणि नकाशाची गुंडाळी, पिशवीत कवड्यांची वाटी. गाडी लागली. कंडक्टर बोर्डावरून कुरकुरत होता आणि तेवढ्यात सबनीस दिसले, छत्री घेऊन. त्या दिवशी ऊन होतं. चेहरा पांढराफटक. मॅनेजरच्या कानावर हे जाणार हे त्यांना माहीत होतं, कदम दारात उभंसुद्धा करणार नाही हेही माहीत होतं. "वरिष्ठांना विचारलंत का?" असं मी विचारलं. मला राहवलं नाही. सबनीस म्हणाले, "नाही." आणि गाडीत चढले.

कन्नोदवरून सतवासला पोहोचेपर्यंत अंग खिळखिळं झालं. मंडीच्या रस्त्यावर दुकान. बाहेर उघडे पंप पडलेले, आत कदम कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. आम्हाला बघून तो उठला, धारवाल्यांच्या पाया पडायला वाकला, आणि मग त्याला सबनीस दिसले.

"काका, तुम्ही आलात, बाई आल्या, गोपाल भिया आला. बसा, चाय पिऊन जा. पण ह्यांच्यासोबत मी नाही खेळणार. साफ सांगतो."

"नका खेळू," धारवाले म्हणाले.

त्यांनी एका रिकाम्या खोक्यावर बोर्ड ठेवला, नकाशा पसरला आणि कवड्यांची वाटी माझ्यासमोर सरकवली. आम्ही पोत्यांवर बसलो. मी म्हटलं, "काका, चौघांत होत नाही ना?"

"पाचजण आहेत की. एकजण खेळत नाही, एवढंच."

कदमनं पाठ फिरवून पाना उचलला आणि एका पंपाचे नट सोडवायला लागला. धारवाल्यांनी गोष्ट सुरू केली. ती नेहमीसारखी, शांत. दोन्ही राज्यांत पूर आला आहे. आम्ही तिघं एका तळघरात अडकलो आहोत. समोर जुनं लाकडी दार. दारामागून आवाज येतो आहे, फळ्या फुगल्या आहेत. मी आजूबाजूला पाहायचं ठरवलं, कवड्या पालथ्या पडल्या, काही दिसलं नाही. गोपालनं दार शोधलं, ते एकच निघालं. मग धारवाले सबनिसांकडे वळले. "चौकीदार, आता आपण काय करता?"

सबनीस घाबरलेले होते. एवढ्या लांब येऊन समोरचा माणूस पाठ फिरवून बसला होता. त्यांना लवकर काहीतरी करून मोकळं व्हायचं होतं. म्हणाले, "मी दार उघडतो."

धारवाले थांबले. सबनिसांच्या दंडाला मी चिमटा काढणार होते, पण धारवाल्यांनी पुन्हा तसंच पाहिलं. पाना फिरायचा आवाज बंद झाला होता.

"नक्की उघडता?"

"उघडतो," सबनीस म्हणाले. "टाका कवड्या."

मी वाटी उचलली.

"अरे, उघडू नका ते," कदम म्हणाला. तो अजून पाठमोराच होता. "पाणी आहे पलीकडे. फळ्या कशानं फुगल्या? आत येईल सगळं. बाई बुडेल, भिया बुडेल, तुम्हीपण बुडाल, सबनीससाब."

धारवाल्यांनी नकाशावरची नजर काढली नाही. "बाहेरच्या माणसानं मध्ये बोलायचं नाही," ते म्हणाले.

कदम वळला. एवढा चिडलेला मी त्याला संपातही पाहिला नव्हता. पाना जमिनीवर टाकून तो आमच्या खोक्यापाशी आला आणि सबनिसांच्या शेजारचं पोतं पायानं ओढलं.

"मी बाहेरचा नाही," तो म्हणाला, आणि ग्रीसच्या हातानं कवड्या माझ्याकडून घेतल्या.